नदीकाठी मुक्काम करायचाय? मग तंबू नदीपासून लांब लावा

दिवाळी सरली, हवेत गारवा आला की मोबाइलवर एक चित्र हमखास फिरायला लागतं. दाट जंगल, मधून वाहणारी नितळ नदी, पाण्यापासून चार पावलांवर वाळूत लावलेला तंबू आणि शेजारी शेकोटी. चित्र सुंदर आहे. ते पाहून तिथे जावंसं, ज्याला प्रिमिटिव्ह कॅम्पिंग म्हणतात तसा मुक्काम करावासा वाटणं स्वाभाविक आहे आणि जमलं तर जरूर जावं. पण त्या चित्रातल्या तंबूची जागा चुकलेली असते. ती का चुकते हे एकदा समजलं की जागा निवडणं अवघड राहत नाही.

४ जुलै २०२५ च्या पहाटे अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ग्वाडालूप नदीला पूर आला. पाऊण तासात पाणी सुमारे २६ फूट चढलं. काठावरच्या एकाच उन्हाळी शिबिरातल्या २७ जणी त्यात गेल्या, बहुतेक लहान मुली. त्या भागातल्या एकूण बळींची संख्या १३० च्या वर गेली. ही बातमी वाचून आपल्याकडे अनेकांनी विचारलं, की इतकं पाणी इतक्या लवकर येतंच कसं? आणि लोक काठावर झोपलेच का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्याकाठी मुक्काम करणाऱ्यालाही तितकीच उपयोगाची आहेत.

प्रिमिटिव्ह कॅम्पिंग म्हणजे नेमकं काय?

जिथे नळ नाही, संडास नाही, वीज नाही, पोचायला रस्ता नाही आणि बहुधा मोबाइलला रेंजही नाही, अशा जागी पाठीवर सामान नेऊन केलेला मुक्काम म्हणजे प्रिमिटिव्ह कॅम्पिंग. पवना किंवा भंडारदऱ्याला तंबू लावून मिळतो, जेवण मिळतं, रात्री कुणीतरी राखणीला असतं. इथे यातलं काही नसतं. त्यामुळे एरवी दुसऱ्याने घेतलेले निर्णय आपल्याला घ्यावे लागतात. त्यातला सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे झोपायचं कुठे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की नदीकाठच्या मुक्कामातले बहुतेक धोके आणि आपण जंगलाचं करतो ते बहुतेक नुकसान या एका निर्णयाने टळतं. पूर, थंडी, घाण, जनावरांना होणारा अडथळा, या सगळ्यांवर उतारा एकच: पाण्यापासून लांब आणि उंचावर झोपा. दिवसभर नदीवर बसा, पोहा, मासे बघा. रात्री मात्र वर जा.

काठावरची सपाट जागा कुणी तयार केली?

डोंगरात सपाट जागा दुर्मीळ असते. दिवसभर चालून दमलेल्या माणसाला नदीच्या वळणावर मऊ वाळूचा पट्टा दिसला की तो तिथेच पाठपिशवी टाकतो. पण इतक्या उताराच्या मुलखात एवढाच तुकडा सपाट कसा राहिला? तो नदीने केला आहे. पूर येतो तेव्हा पाणी वाळू, गाळ आणि गोटे घेऊन येतं. वळणाच्या आतल्या बाजूला वेग कमी होतो आणि बरोबरचा माल तिथे पडतो. वाळू अजून मोकळी आणि गवताविना असेल, तर नदी तिथे नुकतीच येऊन गेली आहे असं समजावं.

नदीचं पात्र म्हणजे आज पाणी वाहतंय तेवढीच पट्टी नव्हे. साधारणपणे वर्षा-दोन वर्षांतून एकदा नदी काठोकाठ भरते. त्याहून मोठा पूर आला की पाणी काठ सोडून दोन्ही बाजूंच्या सखल जमिनीवर पसरतं. या जमिनीला पूरमैदान म्हणतात. तीही नदीचीच जागा, फक्त रोजच्या वापरातली नाही.

पूर कुठवर आला होता हे काठ स्वतःच सांगतो. पाण्याकडे न बघता झाडांकडे बघा. फांदीच्या बेचक्यात वाळलेलं गवत, काड्या आणि पालापाचोळा यांचा गुंडाळा अडकलेला दिसेल. त्यात बहुतेक वेळा प्लॅस्टिकची एखादी फाटकी पट्टी असते, वाऱ्यावर हलणारी. नीट पाहिलं तर सगळ्या काड्यांची टोकं एकाच दिशेला, प्रवाहाच्या खालच्या अंगाला वळलेली असतात आणि गवताच्या मुळांत बारीक गाळ सुकून बसलेला असतो. पाखराने घरट्यासाठी विणलेलं गवत असं एका दिशेला ओढलेलं नसतं. मी हा गुंडाळा उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर पाहिला आहे आणि त्याच्या बरोब्बर खाली विझलेल्या चुलीचे तीन दगडही. ज्यांनी तिथे रात्र काढली, त्यांनी मान वर केली असती तर जागा नक्की बदलली असती.

अजूनही खुणा असतात. प्रवाह येतो त्या बाजूची खोडाची साल सोलवटलेली असते, कारण वाहून आलेले ओंडके तिथे आदळतात. वाळुंजासारखी काठावरची झाडं एका बाजूला कलून वाढलेली दिसतात. कातळावर मळकट गाळाची रेघ असते. या सगळ्यांतली सर्वांत वरची खूण शोधा आणि तंबू तिच्याही वर लावा.

एका रात्रीत पाणी इतकं कसं चढतं?

ज्या सगळ्या उतारांवरचं पाणी शेवटी एका नदीत येतं, त्या मुलखाला तिचं पाणलोट क्षेत्र म्हणतात. पत्र्याचं मोठं छप्पर आणि त्याच्या कडेची अरुंद पन्हळ डोळ्यांसमोर आणा. पाऊस सगळ्या छपरावर पडतो, पण वाहतो तो एका पन्हळीतून. पन्हळीपाशी उभं राहून आपल्या डोक्यावर पाऊस नाही म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नसतो, कारण छपराचं दुसरं टोक लांब असतं.

आता थोडा हिशोब करू. चार किलोमीटर रुंद आणि पाच किलोमीटर लांब असं एक छोटं खोरं घ्या. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एकूण पाणी झालं २० लाख घनमीटर. सह्याद्रीच्या माथ्यावर बेसॉल्टचा कातळ उघडा असतो, मातीचा थर पातळ असतो, त्यामुळे मुरणारं पाणी कमी. तरी निम्मं मुरलं असं धरू. उरलेलं १० लाख घनमीटर पाणी तीन तासांत खाली उतरलं, तर सेकंदाला सुमारे ९० घनमीटर होतात. पावसाळ्यात धरणाच्या बातम्यांमध्ये येणाऱ्या क्युसेकमध्ये सांगायचं तर सुमारे ३,२०० क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. पंधरा मीटर रुंदीच्या ओढ्यातून हे पाणी सेकंदाला तीन मीटर वेगाने वाहिलं, तरी त्याची खोली दोन मीटर होते. संध्याकाळी ज्यात घोटाभर पाणी होतं, त्याच ओढ्याची ही गोष्ट आहे.

आणि दोन मीटर पाणी बुडवण्याआधी गुडघाभर पाणीच माणसाला पाडतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. सेकंदाला दोन मीटर वेगाचं गुडघाभर पाणी दोन पायांवर अंदाजे ३० किलो वजनाइतका रेटा देतं, तोही गोट्यांवर पाय घसरत असताना, अंधारात.

११ जून २०१० ला अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात वॉशिटा नॅशनल फॉरेस्टमध्ये हेच झालं. लिटल मिझुरी ही डोंगरातली छोटी नदी. तिच्या काठी लोक तंबू आणि गाड्या लावून झोपले होते. वरच्या डोंगरात रात्री मुसळधार पाऊस झाला आणि तीन-चार फुटांवर असलेली पाण्याची पातळी काही तासांत २३ फुटांच्या वर गेली. हवामान खात्याने रात्री इशारा दिला होता, पण त्या खोऱ्यात मोबाइलला रेंज नव्हती. तो झोपलेल्यांपर्यंत पोचणार कसा? २० माणसं गेली. जे अंधारात डोंगराच्या उतारावर चढले, त्यांतले अनेक वाचले.

पण आम्ही हिवाळ्यात जातो, तेव्हा पाऊस कुठे असतो?

हा आक्षेप रास्त आहे. डिसेंबर-जानेवारीत सह्याद्रीत असा पाऊस क्वचितच होतो. पण मुक्कामाचा हंगाम तेवढाच नसतो. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो, एप्रिल-मेमध्ये वळीव असतो, आणि दोन्ही दुपारनंतर ढग दाटून थोडक्या भागावर कोसळतात. वरच्या अंगाला, डोंगराच्या माथ्याकडे वीज चमकताना दिसली तर आपल्याकडचं आकाश चांदण्यांनी भरलेलं असलं तरी पाणलोटात पाऊस आहे हे लक्षात घ्यावं.

दुसरं कारण पावसाहून घातक आहे, कारण त्याला आकाशात कसलंच चिन्ह नसतं. ते म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी. कोलाडला जे राफ्टिंग होतं, ते कुंडलिका नदीत भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून येणाऱ्या पाण्यावर. वीजनिर्मिती झाली की नदी भरते, थांबली की उतरते. कडक उन्हाळ्यातही तसंच. तिथल्या माणसांना या वेळा तोंडपाठ असतात, पाहुण्याला नसतात.

८ जून २०१४ ला हिमाचलमधल्या मंडी जिल्ह्यात थलौटजवळ बियास नदीच्या पात्रात हैदराबादहून सहलीला आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी फोटो काढत होते. लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचा सहलीचा एक संयोजक वाहून गेले. आपल्या नदीवर वरच्या अंगाला धरण, बंधारा किंवा वीजकेंद्र आहे का, हे नकाशावर पाहायला पाच मिनिटं लागतात. असेल तर पात्रात मुक्काम करायचाच नाही, कुठल्याही ऋतूत.

पाणी चढायला लागलं तर आवाज येईलच की!

नाही येत. खळाळत्या नदीचा आवाज सतत कानांवर असतो. तासाभरात कान त्याला सरावतात आणि पाणी हळूहळू वाढताना आवाजातला फरक झोपलेल्या माणसाला कळत नाही. याच आवाजात जवळून गेलेल्या गव्याची चाहूल लागत नाही आणि सोबत्याने मारलेली हाकही ऐकू येत नाही. वर, झाडीच्या आडोशाला झोपलं की नदी ऐकू येते आणि बाकीचं जंगलही ऐकू येतं. मला तर नदी अशीच, थोड्या अंतरावरून ऐकायला आवडते.

मुक्कामाला पोचल्यावर एक सवय लावून घ्या. पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि झोपण्याआधी ती पाहून या. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पानं आणि काड्या वाहून यायला लागल्या, तर सामानाकडे न बघता सरळ वर चढा. खालच्या अंगाला पळू नका. पाणी त्याच वाटेने येतं. बूट आणि विजेरी उशाशी ठेवण्याचं कारण हेच.

वाळू रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते

फेब्रुवारी ते मे या काळात नदीच्या उघड्या वाळूत नदी सुरय, टिटवी, कंठेरी चिखल्या हे पक्षी अंडी घालतात. घरटं म्हणजे वाळूतला एक उथळ खळगा, अंडी गोट्यांच्या रंगाची. ती आपल्या पायाखाली कधी गेली हे कळतही नाही. आपण तंबू लावून तिथे बसलो की पक्षी घिरट्या घालत ओरडत राहतो. अंडी उन्हात उघडी पडतात आणि तासाभरात त्यांची आशा संपते. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरत असेल तर ती आपल्याला उठायला सांगते आहे. उठावं.

मगरीही याच दिवसांत काठच्या वाळूत खड्डा करून अंडी घालतात. सांगलीकडची कृष्णा, चिपळूणची वाशिष्ठी, महाडची सावित्री या नद्यांत मगरी आहेत हे तिथल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. मोठ्या, संथ डोहाच्या काठी अंधारात भांडी घासायला बसू नये.

उन्हाळ्यात जंगलातली सगळी रहदारी पाण्याकडे असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राण्यांच्या नोंदी घेतं, ते यामुळेच. सांबर, गवा, अस्वल, बिबट्या सगळे त्या एका जागी येतात. आता त्या पाणवठ्याच्या तोंडाशी आपला तंबू, दिवा आणि गप्पांचा आवाज असला, तर तहानलेलं जनावर लांब उभं राहतं आणि पाणी न पिता परततं. आपल्याला काही दिसत नाही आणि आपण म्हणतो, जंगलात काहीच नव्हतं. काठावर खुरांनी आणि पंजांनी तुडवलेली पायवाट पाण्यापर्यंत उतरलेली दिसली, तर तिथून दूर जा. ती त्यांची वाट आहे.

साठ मीटर कशासाठी?

अमेरिकेतल्या रानात मुक्काम करणाऱ्यांना एक आकडा शिकवला जातो: पाण्यापासून २०० फूट, म्हणजे साठ मीटर. मोठ्या माणसाची सत्तर-ऐंशी पावलं. तंबू, शौच, अंघोळ, भांडी, सगळं या अंतरापलीकडे.

शौचाचं कारण नीट समजून घ्यायला हवं, कारण इथेच सगळ्यांत जास्त चुकतं. मातीच्या वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटर थरात जिवाणू, बुरशा आणि किडे भरपूर असतात. मैल्याचं विघटन तेच करतात. म्हणून खड्डा एवढाच खोल खणायचा. जास्त खोल गेलं की काम करणारे जीव कमी होतात. वाळूत असे जीव जवळपास नसतात आणि तिच्यातून पाणी भराभर झिरपतं. वाळूत पुरलेली घाण तशीच राहते आणि पहिल्या पावसात नदीत जाते. त्याच नदीचं पाणी खालच्या अंगाच्या वाडीत हंड्यात भरलं जातं. टिश्यू, ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड तर पुरायचेच नाहीत, पिशवीत घालून परत आणायचे. जनावरं ते उकरून काढतात.

विघटन होणारा साबण आहे, तो चालेल ना? नदीत नाही. त्याचं विघटन करायला मातीतलेच जिवाणू लागतात. पाण्यात तो साबणच राहतो आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. भांडंभर पाणी वर आणून तिथे धुवा आणि ते पाणी मातीवर पसरून टाका.

आणि पिण्याचं पाणी? वाहतं पाणी शुद्ध असतं ही समजूत जुनी आहे, पण खरी नाही. वाहण्याने गाळ बसत नाही, रोगजंतू मरत नाहीत. वरच्या अंगाला मेलेलं जनावर पडलंय की गुरं बसली आहेत, हे आपल्याला दिसत नसतं. पाणी फडक्यातून गाळून खळखळ उकळावं आणि उकळी एक मिनिट राहू द्यावी. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं लागतात, पण आपलं कळसूबाईच १,६४६ मीटरचं आहे, त्यामुळे महाराष्ट्रात एक मिनिट पुरतं.

एका तंबूने काय बिघडणार आहे?

एका तंबूने खरंच फारसं बिघडत नाही. पण फोटो टाकला की दुसरा येतो. ऋषिकेशच्या वर गंगेकाठी पांढऱ्या वाळूचे पट्टे आहेत. तिथे आधी मोजके तंबू होते, मग रांगा झाल्या. शेवटी डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नियम ठरेपर्यंत कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यातल्या काठावरच्या कॅम्पिंगवर बंदी घातली. एवढी मोठी गंगा, पण तिच्याही काठाला सोसण्याची मर्यादा होती. सह्याद्रीतल्या ओढ्यांची मर्यादा कितीतरी आधी येते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, आवडलेल्या जागेचं नेमकं ठिकाण जगाला सांगू नका.

नदीकाठी थंडी जास्त का वाजते?

रात्री जमीन निवली की तिच्यालगतची हवा गार होते. गार हवा जड असते, ती उतारावरून खाली सरकत खोऱ्याच्या तळाशी साचते. थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी येते, गावातून ती क्वचितच येते, त्याचं कारण हेच. तळातून थोडं वर गेलं तरी रात्र सुसह्य होते आणि तंबू आतून भिजत नाही.

शेकोटीशिवाय कसला मुक्काम?

मला शेकोटी आवडते आणि तरीही मी म्हणेन की जंगलात ती टाळावी. फेब्रुवारीपासून पानगळ वाळलेली असते, एक ठिणगी पुरते. वनखातं हिवाळाअखेर मैलोन्‌मैल जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून मोकळे केलेले पट्टे, काढतं, तरीही आपली विझवली असं वाटलेली राख रात्रीच्या वाऱ्याने पुन्हा फुलते. वनकायद्याने राखीव वनात विस्तव पेटवणं हा गुन्हाही आहे. स्वयंपाकाला छोटा गॅस स्टोव्ह न्या, पण तो तंबूच्या आत कधीही पेटवू नका. बंद जागेतल्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. गावाच्या हद्दीत, परवानगीने चूल मांडलीच, तर नदीतले ओले गोटे तिला लावू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

साप, गोचीड आणि ताप

सापांत मला सगळ्यांत काळजी मण्यारची वाटते. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची जागा सुजत नाही, फारशी दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. तोवर वेळ गेलेला असतो. चेन लावून बंद होणारा तंबू हा यावरचा साधा आणि भक्कम उपाय आहे, म्हणून उघड्यावर चटई टाकून झोपू नये. चावलं असा नुसता संशय आला तरी चिरा न देता, आवळपट्टी न बांधता, प्रतिविष मिळेल त्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. कोकणात फुरसं आणि लाल विंचू दगडांखाली असतात. सकाळी बूट झटकूनच घाला.

सिंधुदुर्गात दोडामार्गकडे जात असाल तर माकडतापाची माहिती हवी. गोचिडींतून पसरणारा हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासानूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. त्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या भटकंतीचा. मेलेलं माकड दिसलं तर तिथे थांबू नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. अंगभर कपडे घाला, संध्याकाळी अंग तपासा. घरी आल्यावर पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात राहिल्याचं आवर्जून सांगा. लेप्टो आणि स्क्रब टायफस या तापांसाठीही ही माहिती निदान सोपं करते.

आदिवासी तर पिढ्यान्‌पिढ्या नदीकाठी राहतात

राहतात, पण नीट बघा, कुठे. पाडे आणि वाड्या बहुतेक उंचवट्यावर असतात. नदीलगतची मळईची जमीन पिकाला, गुरांना, भाजीला ठेवलेली असते. पाण्याला बाया चढउतार करतात, त्यांचे कष्ट मोठे आहेत, तरीही घर खाली आणलेलं नसतं. पूर कुठवर आला होता ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. तो एखादं झाड दाखवतो, आणि ते उत्तर कुठल्याही अॅपपेक्षा भरवशाचं असतं.

परवानगी लागते का?

लागते. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ नुसार राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. अभयारण्यात जायलाच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ आणि २८ प्रमाणे परवाना लागतो. राष्ट्रीय उद्यानं आणि व्याघ्र प्रकल्पांत नियम आणखी कडक आहेत. त्यामुळे कोयना-चांदोलीच्या किंवा मेळघाटातल्या सिपना नदीच्या काठी आपल्या मनाने तंबू ठोकता येत नाही. अमेरिकेत राहणारे मराठी मित्र सांगतात की तिथल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये बऱ्याच ठिकाणी परवान्याशिवाय रानात राहता येतं. ते खरं आहे, पण तिथली जंगलं विरळ वस्तीची आहेत आणि तिथेही पाण्यापासूनचं अंतर, मुक्कामाचे दिवस आणि आगीचे नियम ठरलेले असतात.

मग करायचं काय? वनखात्याची निसर्ग पर्यटन केंद्रं आणि ठरवून दिलेल्या मुक्कामाच्या जागा आहेत, तिथे आधी नोंदणी करा. जंगलालगतच्या गावात खासगी माळ असतो, मालकाला विचारून तिथे राहता येतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने काही गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये ते मिळाले. अशा ठिकाणी ग्रामसभेला विचारायला हवं. जंगल तेच राखतात, त्यामुळे त्यांचा नकारही मानायला हवा.

आणि निघण्याआधी गावच्या पोलीस पाटलाला भेटा. आपण किती जण आहोत, नदीच्या कुठल्या अंगाला, कोणत्या टेकाडावर झोपणार आहोत आणि उद्या किती वाजेपर्यंत उतरू, हे सांगा आणि लिहूनही द्या. रेंज नसलेल्या खोऱ्यात आपल्याला शोधायला पहिला माणूस त्याच गावातून निघणार असतो. उतरल्यावर त्यांना भेटूनच एसटी पकडा, नाहीतर गावातली पोरं संध्याकाळी कामधाम सोडून बॅटऱ्या घेऊन रानात शिरतात.